रबर म्हातारं होतं, लोखंड नाही : जुन्या रिंगर मशीनबद्दल वाचकांचे प्रश्न

चार पायांवर उभी टाकी, आत रवीसारखा अर्धा फेरा इकडे अर्धा तिकडे घुसळणारा अ‍ॅजिटेटर आणि वर कपडे पिळणारे दोन रबरी रोलर, असं हे रिंगर वॉशिंग मशीन. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी मेटॅग कंपनी ही मशीनं १९८३ पर्यंत बनवत होती. तिकडच्या शेतघरांच्या लिलावांत ती अजून निघतात आणि तिथे राहणारे आपले वाचक ती हौसेने घरी आणतात. आलेल्या पत्रांतले बहुतेक बिघाड दोनच गोष्टींपाशी येऊन थांबतात : कडक झालेलं रबर आणि घट्ट झालेलं वंगण. गिअर, शाफ्ट आणि टाकी सहसा शाबूत असतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी फडकं आणि गरम पाणी घ्या.

प्रश्न : लिलावातून मेटॅगचं चौकोनी अ‍ॅल्युमिनियम टाकीचं मशीन आणलं. बरीच वर्षं तळघरात पडून होतं. स्विच लावला की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. मोटर जळली समजायची का? (ओहायो)

बहुधा नाही, पण आता तिला पुन्हा पुन्हा करंट देऊन बघत राहिलात तर नक्की जळेल. अडकलेली मोटर चालत्या मोटरच्या पाच-सहा पट करंट ओढते. स्टार्टिंग वाइंडिंग बारीक तारेचं आणि क्षणभरापुरतंच बनवलेलं असतं, ते काही सेकंदांत काळं पडतं. प्लग काढून ठेवा.

आधी दोष मोटरमध्ये आहे की खालच्या गिअरबॉक्समध्ये, ते ठरवा. पट्टा उतरवा आणि दोन्ही पुल्या हाताने फिरवून बघा. गिअरबॉक्सची पुली जड जात असेल तर आतलं वंगण गोठलं आहे. खोली उबदार ठेवून, मशीनच्या टाकीत गरम पाणी भरून तासभर थांबा आणि पुली हातानेच मागे-पुढे करत सोडवा. मोटरच्या जोरावर सोडवायला गेलात तर गिअरचे दात जातील.

मोटरची पुली जड जात असेल तर बुशांमधलं (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या टोकांच्या नळ्यांमधलं) तेल वाळून त्याची वार्निशसारखी साय झाली आहे. मोटरच्या दोन्ही टोकांना तेल घालायची छोटी भोकं असतात, कधी त्यांवर पत्र्याची टोपी असते. गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब घाला, फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा फिरवा. मोकळी झाली की एसएई २० ग्रेडचं, डिटर्जंट नसलेलं मोटर ऑइल प्रत्येक भोकात आठ-दहा थेंब. गंज सोडवणारा स्प्रे हे वंगण नव्हे. तो उडून जातो आणि आठवड्याभरात बुश पुन्हा कोरडे पडतात.

आता पट्टा उतरवलेलाच ठेवून एक परीक्षा करा. मोटरच्या पुलीला हाताने जोरात फिरकी द्या, हात पूर्ण बाजूला घ्या आणि दुसऱ्या माणसाला लगेच स्विच लावायला सांगा. ज्या दिशेने फिरकी दिली त्या दिशेने मोटर धावू लागली तर मुख्य वाइंडिंग ठीक आहे आणि दोष सुरुवातीच्या सर्किटमध्ये आहे. तो बहुतेक वेळा सेंट्रिफ्यूगल स्विचच्या, म्हणजे मोटरने वेग घेतला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणाऱ्या स्विचच्या, कॉन्टॅक्टवर सापडतो. मोटर उघडण्याआधी दोन्ही टोकांची झाकणं आणि मधला गाळा यांवर रंगाची एक-एक सलग रेघ मारा, म्हणजे जोडताना झाकण फिरणार नाही. कॉन्टॅक्टवर काळी-हिरवी पुटं दिसतील. बारीक सँडपेपरची पट्टी मधून दोन-तीनदा ओढा, मग कोऱ्या कागदाची. शाफ्टवरची वजनं आणि स्प्रिंग हाताने सरकवून बघा, ती अडकत असतील तर नुसते कॉन्टॅक्ट घासून उपयोग नाही. मोटरवर डब्यासारखा कॅपॅसिटर असेल तर तो आधी डिस्चार्ज करा आणि शंका असल्यास त्याच मायक्रोफॅरडचा नवा घाला.

वाइंडिंग आणि मोटरचं अंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) किमान १ मेगाओम यायला हवा. तळघरातल्या ओलीमुळे तो बऱ्याचदा कमी येतो. मोटर खोक्यात ठेवून शेजारी जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा दिवा दोन दिवस जळता ठेवा आणि पुन्हा मोजा. तरीही वर आला नाही तर वाइंडरकडे न्या.

आणि मूळची दोन तारांची वायर बदला. तिचं रबर बाहेरून बरं दिसतं, पण वाकवलं की पापडासारखं मोडतं. तीन तारांची नवी वायर घाला, अर्थिंगची तार मोटरच्या अंगाला आणि मशीनच्या सांगाड्याला दोन्हीकडे स्क्रूने आवळा, प्लग जीएफसीआय सॉकेटमध्येच (वीज गळाली की आपोआप बंद होणाऱ्या) लावा. ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने वापरायचं हे यंत्र आहे.

प्रश्न : सासूबाई भारतातून आल्या आहेत. त्यांना हे मशीन फार आवडलं आणि त्या रोज वापरतात. पण रोलरवरची आपत्कालीन दांडी दाबली तरी रोलर सुटत नाहीत. बाकी सगळं छान चालतं. दुरुस्त होईपर्यंत जपून वापरलं तर चालेल का? (पेनसिल्व्हेनिया)

नाही. आजच थांबवा. टाकीत कपडे घुसळायला हरकत नाही, पिळायचं काम मात्र हाताने करा.

या रोलरांना हात आणि कापड यांतला फरक कळत नाही. बोट धरलं की ते तळवा, मनगट, कोपरापर्यंत ओढत नेतात. माणूस घाबरून हात मागे खेचतो आणि कातडी सोलली जाते. ही मशीनं घरोघरी होती त्या काळात अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे अशी मुलं इतकी येत, की या दुखापतीला त्यांनी वेगळं नावच दिलं होतं. आपल्याकडच्या बाईच्या बाबतीत धोका आणखी वाढतो : पदर, ओढणी, वेणी, बांगड्या. पदर खोचलेला, केस बांधलेले आणि हात मोकळे असल्याशिवाय रोलर सुरूच करायचे नाहीत. लहान मूल खोलीत असतानाही नाही.

आता दुरुस्ती. वरच्या रोलरची चौकट जोरकस स्प्रिंगने खाली दाबलेली असते आणि एका खटक्याने अडकवलेली असते. दांडीला धक्का बसला की खटका निसटतो, चौकट वर उडते आणि दाब जातो. तुमच्याकडे खटक्याच्या खाचेत साबणाचा थर आणि गंज एकजीव झाला असणार. प्लग काढा. दाबाचा स्क्रू पूर्ण सैल करा, कारण ताणलेल्या स्प्रिंगसकट खटका सोडणं धोक्याचं आहे. खटका आणि दांडीच्या दोन्ही टोकांचे सांधे यांवर गरम पाणी आणि व्हिनेगर निम्मेनिम्मे घालून भिजवलेली फडकी अर्धा तास गुंडाळा, मग जुन्या टूथब्रशने घासा. स्वच्छ पाणी, कोरडं फडकं, सांध्यांत गंज सोडवणारं तेल, आणि शेवटी पातळसा ग्रीसचा हात. खटक्याची कड झिजून गोल झाली असेल किंवा स्प्रिंग मोडली असेल तर तो भागच बदलावा लागेल. स्प्रिंग वाकवून किंवा कड कानशीने घासून जमवून घेऊ नका. मग खटका भलत्या वेळी सुटतो किंवा हव्या वेळी सुटत नाही.

भाग शोधताना रिंगरच्या डोक्यावरचं नाव वाचा, टाकीवरचं नव्हे. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावची लव्हेल कंपनी अनेक वेगवेगळ्या मशीनवाल्यांना रिंगर पुरवत असे, त्यामुळे दुसऱ्याच ब्रँडच्या मोडीतला खटका तुमच्या मशीनला तंतोतंत बसू शकतो.

जोडल्यावर परीक्षा अशी : चार पदरी घडी केलेला टॉवेल रोलरमध्ये जाऊ द्या आणि मध्येच दांडीवर तळव्याने थाप मारा. एका थापेत चौकट उडाली पाहिजे. दहा वेळा करा, दहाही वेळा. पुढे प्रत्येक धुण्याच्या आधी एकदा. सासूबाईंच्या हातूनही ती थाप मारवून घ्या. प्रसंग आला तर हात आपोआप तिकडे गेला पाहिजे.

कुणाचा हात सापडलाच तर दांडी मारा, प्लग ओढा, हात खेचू नका. हाड मोडलेलं दिसत नसलं तरी डॉक्टरांकडे जा. चिरडलेल्या स्नायूंची सूज काही तासांनी चढते आणि आतला रक्तपुरवठा तोडते.

प्रश्न : आमच्याकडच्या रिंगरचे रोलर दगडासारखे कडक झालेत आणि त्यांना भेगा पडल्यात. कपडे ओलेच बाहेर येतात, कधी रोलरभोवती गुंडाळतात. पुण्यात याला काही उपाय आहे का? (पुणे)

उपाय आहे आणि पुण्यातच आहे. छापखान्यांच्या रोलरवर नवं रबर चढवून देणारे कारागीर तुमचेही रोलर करून देतील. त्यांना रोलर नेऊन द्या, नुसतं माप सांगू नका. रबराची लांबी, बाहेरचा व्यास आणि लोखंडी शाफ्टचा व्यास व्हर्निअरने मोजून चिठ्ठीवर लिहा. व्यास रोलरच्या टोकांपाशी मोजा, मधला भाग झिजलेला असतो. रबर ईपीडीएम मागा. ते गरम पाणी आणि साबण उत्तम सोसतं. छापखान्यात शाईसाठी वापरतात ते नायट्रिल तेलाला चांगलं असतं, तुमचं काम पाण्याचं आहे. रबर मऊच हवं, अंगठ्याने दाबलं की किंचित दबणारं. कडक रोलरमधून बटणं फुटतात.

भेगा वरवरच्या असतील तर खर्चाआधी एवढं करून पाहा : कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि रोलर हाताने फिरवत २२० नंबरच्या सँडपेपरने वरची चकाकी घालवा. चकाकी हेच कापड घसरण्याचं कारण. रॉकेल, पेट्रोल किंवा कुठलंही तेल रबराला लावू नका, ते फुगतं आणि चिकट होतं.

कापड गुंडाळतं त्याला दाबही कारण असू शकतो. एका बाजूचा दाब जास्त असला की कापड तिकडे सरकत जातं. वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या रोलरच्या दोन टोकांना धरून दाब द्या आणि ओढून बघा. दोन्ही सारख्याच अडकल्या पाहिजेत. रोलरच्या शाफ्टखालचे बुश लाकडाचे किंवा नायलॉनचे असतात. एक बुश झिजला तर रोलर तिरका बसतो आणि मग दाबाचा स्क्रू कितीही फिरवा, फरक पडत नाही.

रोलर खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र वापर नाही, विश्रांती आहे. दाब तसाच ठेवून मशीन महिनोन्‌महिने उभं राहतं, आणि टेकलेल्या जागी रोलर चपटा होतो. काम झालं की दाब सोडायचा. दोन रोलरांच्या मधून बोट जाईल इतकी फट दिसली पाहिजे.

प्रश्न : भावाने शिकागोहून सामानाच्या कंटेनरमधून रिंगर मशीन पाठवलं आहे. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल, ५ अँपिअर, १७२५ आरपीएम असं लिहिलं आहे. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना? (नाशिक)

झालं नाही. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरतं, पण आपली वीज ५० सायकलची (हर्ट्झची) आहे आणि ती ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही.

५० सायकलवर तुमची मोटर मिनिटाला साधारण १४२५ फेरे करेल. कपडे थोडे हळू घुसळले जातील, त्याचं काही वाटून घेऊ नका. त्रास दोन आहेत. पहिला, कमी सायकलवर तेवढंच व्होल्टेज दिलं की मोटरचं लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरतं आणि मोटर तापते. सायकल ज्या प्रमाणात उतरली त्या प्रमाणात व्होल्टेज उतरवायला हवं. ११५ ला ६० ने भागून ५० ने गुणलं की ९६ येतात. म्हणजे ट्रान्सफॉर्मर २३० चे ९५ ते १०० व्होल्ट करणारा हवा, ११० चा नव्हे.

दुसरा त्रास लपलेला आहे. मोटरमधला सेंट्रिफ्यूगल स्विच साधारण तीन-चतुर्थांश वेग आला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडतो. ६० सायकलच्या मोटरला तो वेग १३५० च्या आसपास येतो. तुमची मोटर ५० सायकलवर पूर्ण वेगातच १४२५ ला पोहोचणार. टाकी कपड्यांनी भरली, मोटर जरा दबली की स्विच उघडतच नाही आणि वाइंडिंग धुराने आपली जागा सांगतं. मोटर सुरू झाल्यावर एक-दोन सेकंदांत 'टक' आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर लगेच बंद करा.

म्हणून आमचा सल्ला : मूळ मोटर तेल घालून, कापडात गुंडाळून जपून ठेवा आणि रोजच्या वापरासाठी भारतीय बाजारातली अर्ध्या हॉर्सपॉवरची, सिंगल फेज, १४४० आरपीएमची पायावर बसणारी मोटर लावा. मशीनला एकही नवं भोक पाडू नका. जुन्या भोकांवर बसेल अशी लोखंडी पट्टी बनवून घ्या आणि मोटर तिच्यावर बसवा. १७२५ ला १४४० ने भागलं तर जवळजवळ १.२ येतं, म्हणून मोटरची पुली मूळच्या पुलीपेक्षा वीस टक्के मोठी घ्या : अडीच इंची असेल तर तीन इंची. शाफ्टचा व्यास इथे मिलिमीटरमध्ये असेल, पुलीचं भोक लेथवर तेवढं करून घ्या. जुनी मोटर काढण्याआधी तिची फिरण्याची दिशा खडूने बाण काढून नोंदवा. नवी उलटी फिरली तर स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल करायची.

ट्रान्सफॉर्मरच लावायचा असेल तर दोन वेगळी वाइंडिंग असलेला घ्या, ऑटो ट्रान्सफॉर्मर ओल्या कामाला नको. तुमची मोटर चालताना पावणेसहाशे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) घेईल, पण सुरू होताना कितीतरी जास्त, म्हणून १५०० व्हीएच्या खालचा चालणार नाही. दोन्ही परिस्थितींत सॉकेटला खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच तोडणारा स्विच) हवाच.

प्रश्न : अ‍ॅजिटेटर शाफ्टवरून निघतच नाही. हातोडी मारू का? (न्यू जर्सी)

मारू नका, आणि टाकीच्या तळाला पहार टेकवून उचकटूही नका. अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅजिटेटर तडकतो आणि चिनी मुलामा दिलेली टाकी टवका उडाल्यापासून गंजू लागते.

काही कंपन्यांच्या अ‍ॅजिटेटरला वर फिरवून काढायची टोपी असते, ती आधी बघा. मेटॅगचा नुसता वर उचलायचा असतो. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्याचा उपयोग करा. टाकीत ६० ते ६५ अंशांचं पाणी अ‍ॅजिटेटर बुडेल इतकं भरा, अर्धा तास थांबा. पाणी सोडा आणि लगेच, गरम असतानाच, दोन मजबूत नाडे पंखांखालून समोरासमोर घालून सरळ वर झटके द्या. तिरका ओढलात तर अडकेल. पहिल्यांदा नाही निघाला तर पुन्हा गरम पाणी. तीन-चार वेळा लागू शकतात. निघाला की शाफ्ट बारीक घासणीने चकचकीत करा, पाण्यात टिकणारं ग्रीस बोटाच्या टोकाने पुसट लावा, आणि दर धुण्यानंतर अ‍ॅजिटेटर काढून ठेवायची सवय लावा.

प्रश्न : मशीनखाली थारोळं साचतं. कुठून गळतं तेच कळत नाही. (ऑन्टारिओ)

खाली रात्रभर वर्तमानपत्र पसरा. ओल वाळून कागद सुरकुतला तर पाणी, पारदर्शक तेलकट डाग राहिला तर गिअरबॉक्स.

पाणी असेल तर टाकी कोरडी करून फक्त चार बोटं भरा आणि थांबा. आत्ताच गळलं तर तळाच्या पाइपाचा जोड किंवा मधल्या शाफ्टचं सील. न हलवता गळत नाही, पण अ‍ॅजिटेटर चालू केला की गळतं, तर सीलच. पाइप बदलायला सोपा : जुन्याचा तुकडा नेऊन त्याच आतल्या व्यासाचा गरम पाण्याचा पाइप आणि स्टीलची पट्टी आणा.

तेल असेल तर त्याचा रंग पाहा. काळपट, घट्ट तेल थोडंसं झिरपत असेल तर कागद घालून वर्षानुवर्षं चालवता येतं. ताकासारखं पांढुरकं दिसत असेल तर पाणी सील ओलांडून गिअरबॉक्समध्ये शिरलं आहे. मग मशीन थांबवून गिअरबॉक्स उतरवायलाच हवा, नाहीतर आता गंज आतून सुरू होईल. भरताना गाडीच्या डिफरन्शियलचं ईपी ऑइल वापरू नका, त्यातली गंधकाची रसायनं ब्राँझच्या बुशांना खातात.

टाकी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा आणि कॉस्टिकचा घरगुती साबण बंद करा. ती काळी पडते, नंतर तिला टाचणीएवढी छिद्रं पडतात, आणि ती गळती कुठल्याच सीलने थांबत नाही.

प्रश्न : आईच्या सुती नऊवारी या मशीनमध्ये धुता येतील का? (ओहायो)

सुती असतील तर जरूर. जरीची किंवा रेशमी मुळीच नाही, रोलर जर चपटी करतात. आठ मीटरचं कापड अ‍ॅजिटेटरभोवती पीळ घेतं, म्हणून एका वेळी एकच नऊवारी, टाकी काठोकाठ न भरता पाण्यात मोकळी सोडून, चार-पाच मिनिटं. पिळताना लांबीत दोन घड्या घाला, म्हणजे रुंदी चौथाई होईल, आणि काठाचं टोक सपाट पसरून रोलरला द्या. पुढचं कापड लाकडी काठीने सरकवा, बोटांनी नव्हे. दाब निम्मा ठेवा. पलीकडे बादली ठेवून कुणीतरी कापड उतरवून घ्यायला हवं, नाहीतर बाहेर आलेलं टोक खालच्या रोलरला चिकटून पुन्हा आत जातं.